चिंगी पलंगाखाली जाऊन बसते

पत्र: "आमची मांजर चिंगी 12 वर्षांची. गेल्या आठवड्यात तिला किडनीचा जुनाट आजार असल्याचं कळलं. क्रिएटिनिन 2.4, टप्पा दुसरा. डॉक्टरांनी किडनीसाठीचं वेगळं खाणं आणि 2 गोळ्या लिहून दिल्या. ते खाणं ती हुंगते आणि निघून जाते. काल दिवसभरात दोन-चार घास खाल्ले असतील. हे म्हणतात, दुसरं काही देऊच नकोस, भूक लागली की खाईल. गोळीसाठी दोघांना धरावं लागतं. आता मी खोलीत आले की ती पलंगाखाली जाऊन बसते. वर्षभर ती जास्त पाणी पीत होती, मला उलट बरंच वाटायचं. माझंच चुकलं का? रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना बघते. किती दिवस आहेत तिच्याकडे? पूर्वी माझ्या पोटावर झोपायची, आता येत नाही. रागावली असेल का?"

ताई,

तुम्ही बरंच काही विचारलं आहे, पण त्यातल्या एका गोष्टीला उशीर चालणार नाही. चिंगीचं जुनं, सवयीचं खाणं आत्ता तिच्यापुढे ठेवा. उरलेलं पत्र नंतर वाचा.

"भूक लागली की खाईल" हे कुत्र्याच्या बाबतीत पुष्कळदा खरं ठरतं, मांजराच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. मांजर उपाशी राहिलं की शरीर साठलेली चरबी यकृताकडे पाठवू लागतं, आणि मांजराच्या यकृताला एवढी चरबी एकदम झेपत नाही. ती तिथेच साचते. दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर हा धोका खरा होऊ लागतो, अंगाने भरलेल्या मांजरात तर जास्तच. मग किडनी राहते बाजूला आणि यकृताचा जिवावर बेतणारा आजार मागे लागतो. तुमच्या यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. त्यांनी चिंगीच्या भल्यासाठीच सांगितलं असणार, पण हा हट्ट इथेच सोडायचा. जुनं खाणं ठेवूनही तिने अख्खा दिवस तोंड लावलं नाही, तर उद्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

किडनीचं खाणं महत्त्वाचं आहे, यात वाद नाही. थकलेल्या किडनीला रक्तातलं फॉस्फरस बाहेर टाकणं जड जातं. ते साचत गेलं की उरलेल्या किडनीचंही नुकसान होतं. या खाण्यात फॉस्फरस कमी असतं, प्रथिनं बेताची पण चांगल्या दर्जाची असतात, आणि बहुधा पोटॅशियम व ओमेगा-3 जास्त घातलेलं असतं. हे खाणं अंगी लागलेली मांजरं जास्त जगतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण त्याचा उपयोग ते पोटात गेलं तर. म्हणून माझा क्रम असा: आधी पोटात काहीतरी जाऊ दे, मग काय जातं ते बघू.

बदल सावकाश करा. महिना लागू दे, दोन लागू देत. जुन्या खाण्याची वाटी आहे तशीच ठेवा आणि शेजारी दुसऱ्या वाटीत नवं खाणं ठेवा, अगदी चमचाभर. तिने नुसतं हुंगलं तरी काम झालं, कारण वास ओळखीचा होतो. तीन-चार दिवसांनी ती चाटायला लागली की जुन्यात किंचित नवं मिसळा, आणि हे प्रमाण इतकं हळू वाढवा की तिला कळूच नये. खाणं किंचित कोमट केलं की वास सुटतो. फ्रीजमधून काढलेलं गार खाणं आजारी मांजर बहुतेकदा नाकारतं. एका कंपनीचं नाही आवडलं तर दुसऱ्या कंपनीचं आणा, पातळ नाही आवडलं तर तुकड्यांचं आणून बघा. एवढं करूनही नाहीच जमलं, तर डॉक्टरांना तसं सांगा. वयस्क मांजरांसाठीचं कमी फॉस्फरसचं ओलं खाणं आणि त्यात मिसळायचं फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध, अशी दुसरी वाट असते.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. त्या नव्या खाण्यात गोळी लपवू नका. एकदा का कडू चव लागली की मांजर त्या खाण्याला कायमचं वैरी समजतं. फॉस्फरसचं औषध तेवढं अपवाद, कारण ते खाण्याबरोबरच द्यावं लागतं. तेही आधी अगदी थोडं मिसळून सवय करा.

आणि ती हुंगून निघून जाते, हे वाक्य मला खटकलं. नीट बघा: ती वाटीपाशी उत्सुकतेने येते आणि मग तोंड फिरवते का? ओठ चाटते का, लाळ गिळल्यासारखं करते का, सकाळी फेस ओकते का? तसं असेल तर तिला खाणं आवडत नाही असं नसून तिला मळमळतं आहे. किडनीच्या आजारात रक्तात साचणाऱ्या द्रव्यांमुळे मळमळ होते आणि ती पुष्कळदा नखरे म्हणून खपून जाते. यावर चांगली औषधं आहेत. उलटी-मळमळ थांबवणारं मॅरोपिटंट आहे. भूक वाढवणारं मिर्टाझापिन आहे, आणि ते कानाच्या आतल्या बाजूला लावायच्या मलमाच्या रूपातही मिळतं (लावताना हातमोजे घाला). डॉक्टरांना "खात नाही" एवढंच न सांगता "येते, हुंगते, ओठ चाटते, निघून जाते" असं सांगा. त्या चार शब्दांत त्यांना बरंच कळेल. मळमळ असताना नवं खाणं पुढे करूच नका. मळमळीचा संबंध मांजर त्या खाण्याशी जोडतं, आणि बरं वाटल्यावरही त्याकडे फिरकत नाही.

तिला नुसत्या घरच्या खाण्यावर ठेवा असं कुणी सुचवेल, कुणी प्रथिनं पूर्ण बंद करा म्हणेल. दोन्ही ऐकू नका. मांजर जातिवंत मांसाहारी. त्याचं शरीर प्रथिनं जाळण्याचा वेग फारसा कमी करू शकत नाही, आणि टॉरिनसारखे घटक त्याला मांसातूनच मिळावे लागतात. प्रथिनं फार तोडली तर ते स्वतःचेच स्नायू खायला लागतं.

आता पाणी. ती जास्त पाणी पिते ते किडनीला लघवी घट्ट करता येत नाही म्हणून. पाणी आधी आणि शू नंतर, असं नाही. शू आधी आणि त्याची भरपाई म्हणून पाणी. म्हणून पाणी कधीही, एका रात्रीसाठीही, उचलून ठेवू नका, लिटर बॉक्स दिवसातून तीनदा साफ करावा लागला तरी. उलट घरात चार-पाच ठिकाणी रुंद तोंडाची भांडी ठेवा. खाण्याच्या वाटीपासून आणि लिटर बॉक्सपासून लांब. काहींना वाहतं पाणी आवडतं. सगळ्यात जास्त पाणी मात्र ओल्या खाण्यातून जातं, कारण त्यात पाऊण भागाहून अधिक पाणीच असतं. कोरड्या दाण्यांत ते दहाएक टक्के. चिकन उकडलेलं पाणी द्यायचं तर त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. आणि एक लिटर बॉक्स जास्तीचा ठेवा, कमी उंचीचा. तिला आता वरचेवर जावं लागणार.

तुमचं चुकलं का, हे विचारलं आहे. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी भागातले रानमांजर. थोड्या पाण्यावर जगायचं, लघवी अतिशय घट्ट करायची, ही त्यांची किडनी. ती इतकी राखीव ताकद घेऊन येते की साधारण दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत लघवी घट्ट करायची क्षमताही जात नाही, आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, चढायला तर सुमारे तीन चतुर्थांश भाग जावा लागतो. शिवाय मांजर दुखणं दाखवत नाही. 10 वर्षांवरच्या मांजरांत हा आजार अगदी नेहमीचा आहे आणि तो का सुरू झाला याचं कारण बहुतेक वेळा सापडतही नाही. वर्षभरापूर्वी पाण्याचं लक्षात आलं असतं तर वर्षभर आधी कळलं असतं, हे खरं आहे, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तुम्ही काही खायला घातलंत किंवा घातलं नाहीत म्हणून तिच्या किडन्या गेल्या, असं झालेलं नाही. आणि दुसऱ्या टप्प्यावर कळणं म्हणजे उशीर नव्हे. पुष्कळ मांजरं तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर, खाणंपिणं सुटल्यावर, डॉक्टरांकडे पोचतात.

टप्प्यांचा हिशोब एकदा समजून घ्या, म्हणजे रात्रीची भीती जरा आटोक्यात येईल. इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी ही किडनीवर काम करणाऱ्या पशुवैद्यांची संस्था 1998 मध्ये सुरू झाली. जगभरचे पशुवैद्य तिचे टप्पे वापरतात. मांजरात क्रिएटिनिन 1.6 ते 2.8 म्हणजे दुसरा टप्पा, 2.9 ते 5.0 तिसरा, त्यावर चौथा. एसडीएमए नावाची आणखी एक रक्ततपासणी असते. ती क्रिएटिनिनच्या आधी इशारा देते, आणि मांजर हडकलं तरी तिचा आकडा फसवत नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे स्नायू झडलेल्या मांजरात ते खोटंच कमी दिसू शकतं. एकाच तपासणीवर टप्पा पक्का करायचा नसतो. मांजर स्थिर असताना, अंगात पाणी नीट असताना, पुन्हा तपासावं लागतं. चिंगीचे ते दुसरे आकडे यायचे आहेत.

त्या भेटीत दोन गोष्टी आठवणीने मागून घ्या. लघवीतून प्रथिनं जातात का, याची तपासणी, आणि रक्तदाब. रक्तदाबाचं फार लोकांना माहीत नसतं. किडनीच्या मांजरांत तो वाढणं नेहमीचं. तो 160 च्या वर टिकून राहिला तर डोळे, मेंदू, हृदय आणि खुद्द किडनी, सगळ्यांना इजा होते. कधी कधी काहीच कळत नाही आणि एका सकाळी मांजर भिंतीला धडकतं, बाहुल्या मोठ्या, कारण डोळ्याचा पडदा सुटलेला असतो. लहान पट्टा पायाला किंवा शेपटीला बांधून रक्तदाब मोजता येतो आणि अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टनने तो चांगला आटोक्यात राहतो. थायरॉईडही बघायला सांगा. वयस्क मांजरात ते वाढलेलं असलं तर किडनीतून रक्त जोरात वाहतं आणि किडनीचा आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलं ते पलंगाखालचं.

माझ्याकडे भुऱ्या होता, राखाडी बोका. त्यालाही हाच आजार. पहिल्या महिन्यात मी अशी काही जिद्दीने उभी राहिले की त्याची एकही गोळी चुकली नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून, जबडा उघडून, दोन्ही वेळा. तक्ता करून भिंतीला लावला होता आणि त्यावर खुणा करत होते. महिन्याअखेरीला सगळ्या खुणा झालेल्या होत्या आणि भुऱ्या कपाटामागे राहायला गेला होता. मी कपाटाशी वाटी नेली तर वाटीपासूनही पळायचा, कारण माझ्या पावलांचा आवाज म्हणजे गोळी, हे त्याने पक्कं केलं होतं. त्या महिन्यात त्याचं वजन 300 ग्रॅमने उतरलं. आजाराने नव्हे, माझ्या भीतीने तो खायला येत नव्हता. तेव्हा डॉक्टरांनीच मला सांगितलं, आठ दिवस गोळ्या बंद ठेवा, आधी त्याला बाहेर काढा. कोणती गोळी थांबवता येते आणि कोणती नाही, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, रक्तदाबाची गोळी अशी मनाने सोडायची नसते. पण विचारा नक्की. हा आजार काही आठवड्यांचा नाही. जो उपाय दोघांनाही दोन वर्षं झेपणार नाही तो दोन महिन्यांतच बंद पडतो.

फोन करून विचारायच्या गोष्टी: दोन्ही गोळ्या आजपासूनच हव्यात का, की एक महिन्याने सुरू केली तर चालेल? त्याच औषधाचं पातळ रूप मिळतं का? दिवसातून एकदा देता येईल का? कुस्करली तर चालते का? काही गोळ्या कुस्करून चालत नाहीत, म्हणून हे विचारल्याशिवाय करू नका. फार कडू असेल तर लहानशा रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालता येईल का?

गोळी तोंडात द्यायचीच असेल तर रीत बदला. ती झोपते त्या जागी नको, खाते तिथेही नको. एक वेगळी जागा ठरवा, ओट्याचा एखादा कोपरा किंवा मशीनवर टाकलेलं जाड फडकं, आणि गोळी फक्त तिथेच. बाकी सगळं घर तिच्यासाठी बिनधोक राहिलं पाहिजे. तिला पलंगाखालून कधीच ओढून काढू नका. ती तिची शेवटची जागा आहे, ती गेली तर तिला घरात कुठेच आसरा उरत नाही. मागून, तिला आपल्या अंगाशी टेकवून धरा. समोरून येऊ नका. डोकं वरून धरून किंचित वर करा, खालचा जबडा बोटाने दाबा, गोळी जिभेच्या अगदी मागे टाका. गोळीला किंचित लोणी लावलं तर ती सरकते. मग सुईविना सिरिंजने 5 मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू द्या किंवा चाटायची पेस्ट द्या. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहते आणि तिथे जखम करते. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम व्हावं. दोनदा प्रयत्न फसला तर सोडून द्या, तासाने पुन्हा. आणि लगेच तिला सगळ्यात आवडतं ते काहीतरी एक बोटभर. दिवसातून चार-पाच वेळा तिला त्याच जागी नेऊन, गोळी न देता, नुसतं ते बोटभर खाऊ घाला. मांजराला हिशोब चांगला कळतो. पाचांतल्या चार वेळा चांगलं घडत असेल तर पाचवी वेळ ती सोसते.

कातडीखाली सलाइन द्यावं लागेल का, ही भीतीही मनात असेलच, कारण या आजाराचं नाव काढलं की कुणीतरी लगेच सलाइनचं सांगतं. दुसऱ्या टप्प्यात, नीट पाणी पिणाऱ्या मांजराला ते बहुधा लागत नाही. पुढे लागलं तर घरी द्यायला शिकता येतं, सुई बारीक असते, मानेमागची कातडी सैल असते, आणि पुष्कळ मांजरं त्या वेळी चाटत-खात बसून राहतात. किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टर ठरवतील. मनाने वाढवू नका, हृदय कमजोर असलेल्या मांजराच्या छातीत पाणी होऊ शकतं.

घरातल्या काही गोष्टींना कुलूप लावा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांतलं काहीही तिला देऊ नका. पॅरासिटामॉल पचवायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात नाही, एक गोळी जीव घेते. आयबुप्रोफेन सरळ किडनीवर जातं. लिलीची फुलं घरात आणू नका. त्यांचे पराग अंगावर पडून ते चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी धडधाकट मांजराच्या किडन्या बंद पडतात. किडनी "साफ करणारी" काढे-चूर्णंही नकोत, त्यात काय आहे ते सांगणारं कुणी नसतं.

रात्री उठून श्वास बघता, त्याऐवजी आठवड्यातून एकदा वजन करा. बाळांचा वजनकाटा मिळाला तर उत्तम. चिंगी 4 किलोची असेल तर 200 ग्रॅमची घट म्हणजे तिच्या शरीराचा विसावा भाग, आणि तेवढी घट आपल्या हाताला आणि डोळ्याला कळत नाही. वजन हा या आजारातला सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे, असं माझं मत. क्रिएटिनिन जरा वर गेलं आणि वजन टिकून आहे, तर मी काळजी करणार नाही. क्रिएटिनिन तिथेच आहे आणि वजन दर महिन्याला उतरतं आहे, तर मात्र करेन. त्याच वहीत किती खाल्लं, उलटी झाली का, शी झाली का, हे एका ओळीत लिहा. किडनीच्या मांजराला शरीरातलं पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ होतं. कोरड्या गोट्यांसारखी शी, लिटर बॉक्समध्ये जोर काढत बसणं, हे डॉक्टरांना कळवायचं. मान खाली लोंबल्यासारखी दिसली तर ते पोटॅशियम कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, त्यावर औषध आहे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झालेलं असतं, कारण रक्त बनवायचा निरोप किडनीच पाठवते.

ताबडतोब निघायचं ते केव्हा: अचानक दिसेनासं झालं, तोंड उघडं टाकून श्वास, पुन्हापुन्हा उलट्या, उभं राहता न येणं, किंवा शू पूर्ण बंद. यात उद्यावर काही ढकलायचं नाही.

किती दिवस, याचं उत्तर. दुसऱ्या टप्प्यात कळलेली अनेक मांजरं दोन-तीन वर्षं, काही त्याहूनही जास्त, चांगली जगतात. काहींचा आजार वर्षानुवर्षं एकाच जागी थांबून राहतो. काहींचा थांबत नाही. 12 वर्षांची चिंगी शेवटी दुसऱ्याच कशाने जाईल, हेही अगदी शक्य आहे. मी तुम्हाला तारीख देऊ शकत नाही आणि जो देईल त्याचं ऐकू नका. तिला आवडणाऱ्या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: खिडकीतलं ऊन, दोरीमागे धावणं, तुमच्या ताटाजवळ येऊन बसणं, जे असेल ते. पुढे कधी "आता तिला त्रास होतोय का" हा प्रश्न पडला तर ते पान उघडून बघता येईल. चारांतल्या तीन गोष्टी तिने सोडल्या असतील, तर डॉक्टरांशी शांतपणे निरोपाचं बोलायची वेळ आलेली असेल. आज ते पान फक्त लिहायचं, एवढंच.

आता पोटावर झोपण्याचं. चिंगी रागावलेली नाही. राग धरायला तुमचा हेतू कळावा लागतो, आणि तिला तो कळलेला नाही. तिला एवढंच कळलं आहे की हल्ली हे हात आले की तोंड उघडतात. वयाच्या मांजरात सांधेही दुखतात. पलंगावर उडी मारताना ती थबकते का बघा, थबकत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि पलंगाशी एक बुटकं स्टूल ठेवा. आणि पुढचे पंधरा दिवस घरात कामं वाटून घ्या. गोळी यजमानांनी द्यायची. दोघांनी धरायची गरज नव्या रीतीने उरू नये. तुमच्याकडे वाटी, ब्रश आणि खेळ. त्यांना हा वाटा अन्यायाचा वाटला तर दोन आठवड्यांनी अदलाबदल करा, तोवर ती तुमच्या हातांना विसरलेली नसेल, पण गोळी विसरलेली असेल.

संध्याकाळी पलंगाजवळ जमिनीवर बसा. हातात पुस्तक घ्या आणि खरंच वाचा, तिच्याकडे टक लावून बघू नका, मांजराला ते आव्हान वाटतं. तिच्या बाजूला थोडं आवडीचं खाणं ठेवा. बाहेर आली तर हाक मारू नका, उचलू नका. अंगाला घासून गेली तर हात जिथे आहे तिथेच राहू द्या. पहिल्या दिवशी ती येणार नाही. भुऱ्याला अकरा दिवस लागले होते.

दुसऱ्या रक्ततपासणीनंतर मला जरूर लिहा. क्रिएटिनिन कळवा, पण वजन आधी लिहा.